ओस्तापमास्तरांचा खर्ज

ओस्तापमास्तरांविषयी जेरार्ड तुस्कानोंना खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. चर्चमध्ये कुणी म्हटलं, "अंकल, तुमची तर त्यांच्याशी चांगली ओळख होती ना?" की ते मान हलवत, पण ती होकाराची की नकाराची, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मास्तर युक्रेनचे होते, ऑपेरात गात असत आणि संगीत रचत असत, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांच्या बोटात अंगठी होती, पण बायको होती की नाही, असली तर कुठे, हे सव्वा वर्षात विचारायचं जेरार्डना धाडस झालं नाही. चहा बिनसाखरेचा लागतो, जिना उतरताना डावा गुडघा कट्कन वाजतो, लिफ्टमध्ये एकटे चढत नाहीत, असली फुटकळ माहिती मात्र बरीच होती. तेवढ्यावर माणसाचं आयुष्य सांगता येत नाही. तरी जे होतं ते असं होतं.

जेरार्ड मूळचे वसईजवळच्या भुईगावचे. चौऱ्याऐंशी साली दुबईत आले आणि एका हॉटेलच्या कोठारात तेहेतीस वर्षं काढली. पहाटे रास अल खोरच्या घाऊक बाजारात जाऊन कांद्याच्या गोणी निवडायच्या, टोमॅटोच्या पेट्या हुंगायच्या, आणि दिवसभर कुणाशी फारसं न बोलता सामान देत-घेत राहायचं. हे काम त्यांच्या स्वभावाला मानवलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांत बायको, सेलिना, गेली आणि ते शारजात मुलीकडे, क्रिस्टिनाकडे राहायला आले. क्रिस्टिनाची मुलगी लॉरा नऊ वर्षांची. दर मंगळवारी तिला पियानोच्या क्लासला नेणं हे आजोबांचं काम. क्लास दोन इमारती पलीकडे, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. ती आत जाई आणि ते बाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली सांभाळत बसत.

एका मंगळवारी बाकावर बसल्या बसल्या त्यांना चर्चच्या कॉयरच्या अ‍ॅलिसचा फोन आला. शनिवारच्या सरावाची वेळ बदलली होती. "हो. बरं. सांगतो," एवढंच ते बोलले. तोच आतला पियानो थांबला आणि दार उघडून एक उंच, पांढऱ्या भुवयांचा गोरा माणूस बाहेर आला.

"कोण बोललं?" त्याने इंग्रजीत विचारलं. त्याचा स्वतःचा आवाज पॉलिश पेपर घासल्यासारखा खरखरीत होता.

जेरार्ड धडपडून उठले. "सॉरी, सर. फोन बाहेर जाऊन घेतो."

"पुन्हा बोला."

"सॉरी, सर."

"पुन्हा."

"व्हेरी सॉरी, सर."

लॉरा दारातून बघत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ग्रँडपा, जस्ट से समथिंग नॉर्मल!"

तो माणूस आत गेला, पियानोच्या डावीकडच्या पट्ट्यांपैकी एक दाबली आणि कान देऊन ऐकली. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "तुम्ही या सुरात माफी मागता. माझ्याकडे तीस विद्यार्थी आहेत, आमच्या लोकांचा कॉयर आहे, त्यात सगळ्या बायकाच. एवढ्या खाली कुणी पोचत नाही. तुम्ही गाता?"

"नाही," जेरार्ड म्हणाले.

"खोटं," लॉरा म्हणाली. "ही इज इन द चर्च कॉयर."

ओळख झाली ती अशी.

त्यानंतर मंगळवारी क्लास संपला की मास्तर दहा मिनिटं बाकावर येऊन बसू लागले. जेरार्ड प्रश्न विचारत नसत. मास्तरांना बहुधा तेच बरं वाटत असावं. ते आपणहून सांगत, तेही तुकड्यातुकड्यांनी. तेर्नोपिलजवळच्या खेड्यात जन्म, वडील मधमाश्या पाळायचे. लहानपणी आजीबरोबर चर्चमध्ये गायला उभे राहायचे. तिथे ऑर्गन नाही, पेटी नाही. त्यांच्या रीतीत देवापुढे वाद्य वाजवत नाहीत, माणसाचा गळा तेवढा चालतो. पुढे लव्हिवला संगीत शिकले आणि खारकिव्हच्या ऑपेरात बावीस वर्षं गायले. राजे, धर्मगुरू, भुतं आणि खुनी.

"कधी प्रेमात पडलो नाही," ते म्हणाले. "रंगमंचावर. प्रेम करतात ते वरच्या आवाजाचे. खर्जवाल्याने मुलीचा बाप व्हायचं आणि लग्न मोडायचं."

एका नावाड्याच्या गोष्टीवर त्यांनी स्वतः एक छोटा ऑपेराही रचला होता. तीन प्रयोग झाले. तिसऱ्याला पाऊस होता म्हणून लोक कमी आले, असं ते सांगत, आणि एवढ्या वर्षांनीही त्यांच्या कपाळाला आठी पडे. दुबईत आले ते एका हॉटेलच्या करारावर. पर्यटकांच्या जेवणाच्या बोटीवर गायचं. तिथे लोक कबाब खाता खाता वाढदिवसाच्या गाण्याची फर्माईश करत. ते तेही गात, "पण राजासारखं!" मग घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि ते पोरांना पियानो शिकवू लागले. हे सगळं ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत. बसचा मार्ग सांगावा तसं सांगत.

एकदा त्यांनी पिशवीतून चार कागद काढले. स्वरलिपी हाताने लिहिलेली. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या लिपीत एकाखाली एक अकरा ओळी होत्या.

"हे शब्द आहेत का गाण्याचे?" जेरार्डनी विचारलं. त्यांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा.

"नावं आहेत. आमच्या थिएटरच्या कॉयरमधली. या युद्धात गेलेली." मास्तरांनी कागद सरळ केले. "मी त्यांच्यासाठी रचलंय. जे उरले ते सात देशांत पांगलेत. कागदावर सूर ऐकू येत नाही, पान जेरार्ड. डिसेंबरात माझा इथला करार संपतो, मी बहिणीकडे परत जाईन. त्याआधी हे एकदा माणसांच्या गळ्यातून ऐकायचंय. एकदाच."

पान म्हणजे त्यांच्याकडचं 'साहेब'.

आता ही गोष्ट अ‍ॅलिसच्या कानावर घातली नसती तरी चाललं असतं. पण जेरार्डनी घातली, आणि अ‍ॅलिस म्हणजे हातात आलेलं काम न सोडणारी बाई. नोकरी अबुधाबीच्या खलिफा सिटीत, घर शारजात, रोज दीडशे-दीडशे किलोमीटर जा-ये करून वर कॉयर चालवणारी. "मग आपणच म्हणू की!" ती म्हणाली. "नोव्हेंबर मृतांचा महिना. आपल्या मराठी मिस्साला मृतांची प्रार्थना असतेच. तेच शब्द त्यांच्या चालीवर बसवायला सांगा."

मास्तरांना भाषेची अडचण नव्हती. मराठी शब्द त्यांनी जेरार्डकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले, कुठे आघात येतो ते पेन्सिलीने टिपलं आणि पंधरा दिवसांत सूर थोडे इकडेतिकडे करून शब्द बसवले. खरी अडचण आली ती पहिल्या सरावाला. कॉयरचा कीबोर्डवाला रॉयस्टन प्लग शोधत होता.

"ते नको," मास्तर म्हणाले.

"नको म्हणजे?" रॉयस्टन अ‍ॅलिसकडे वळला. "मग मी काय करू? पंखा घालू सगळ्यांना?"

"तुम्ही गा."

"मास्टर, मी गायलो तर मिस्साला आलेले लोक घरी जातील."

दुसरी अडचण याहून मोठी होती. वसईच्या माणसाला गीत म्हणजे एक चाल. बाया वरून म्हणतील, बाप्ये खालून, पण चाल एकच. मास्तरांनी कॉयरचे चार गट पाडून चार सूर वेगळे केले, की दुसऱ्या ओळीला सगळे गुमान अ‍ॅलिसच्या सुरात जाऊन बसायचे; तहानलेली गुरं जशी आपोआप तळ्याकडे वळतात तशी. मास्तर हात आपटत. "तुम्ही कुटुंब आहात, ते मला कळलं. आता जरा भांडा!"

आणि सगळ्यांत खाली, एकटा सूर धरायचा होता जेरार्डना. गाण्याच्या शेवटाकडे सगळे थांबतात. पाच मात्रा पूर्ण शांतता. मग त्या शांततेतून फक्त खर्ज उठतो, एकटा, आणि त्याच्यावर बाकीचे एकेक येऊन उभे राहतात. तो सूर लागला नाही तर पुढचं सगळं अधांतरी. मास्तरांचा आवाज शाबूत असता तर तो त्यांनी स्वतःच लावला असता.

पहिल्या दिवशी मास्तर रांगेतून चालत चालत जेरार्डपाशी आले, वाकले आणि त्यांच्या तोंडाला कान लावला. सगळे गात होते. जेरार्डचे ओठ हलत होते.

"पान जेरार्ड," मास्तर हळूच म्हणाले, "तुम्ही मासा आहात?"

रॉयस्टन फिस्सकन हसला. "अंकल, पान कसलं, साधं की मसाला? काही आवाज येईना!"

सराव संपल्यावर गाडीची वाट बघताना जेरार्डनी मास्तरांना एक गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितलेली नव्हती. तेरा वर्षांचे असताना त्यांचा आवाज फुटला. नाताळच्या सरावात गावच्या कॉयरमास्तरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "अरे जेरू, गोठ्यात म्हैस राहू दे, गव्हाणीपाशी नको आणू. तू नुसते ओठ हलव." पोरं खूप हसली. त्या दिवसापासून जेरार्ड नुसते ओठ हलवत आले. पंचावन्न वर्षं. भुईगावात, दुबईत, स्वतःच्या लग्नात, सेलिनाच्या अंत्यविधीत. सेलिना कॉयरमध्ये त्यांच्या शेजारीच उभी राहायची. तिला ते नक्की ठाऊक असणार, पण तीही कधी बोलली नाही.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "तो माणूस आहे अजून?"

"नाही. केव्हाच गेले."

"वाईट झालं. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे होते." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बायकोचं नाव काय म्हणालात?"

"सेलिना."

मास्तरांनी तिथेच, शेजारी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, अकरा नावांखाली बारावं लिहिलं.

आता माघार नव्हती. जेरार्ड रोज सकाळी घरातली सगळी बाहेर पडली की न्हाणीघरात शिरत, नळ सोडत आणि सूर लावत. तिसऱ्या दिवशी वॉचमन अलीमियाँ दारात हजर. "साहब, आपके यहाँ पानी का मोटर बहुत आवाज़ कर रहा है. नीचेवाली मॅडमने कंप्लेंट किया."

"आज से नहीं करेगा," जेरार्ड शरमून म्हणाले.

"नहीं नहीं, चलाओ आप. सिर्फ बेअरिंग देख लेना."

हे त्यांनी मंगळवारी मास्तरांना सांगितलं. मास्तर इतके हसले की खोकल्याची उबळ आली. "मोटर! बावीस वर्षांत माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी लिहिलं नाही."

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चमध्ये मिस्सा झाला. दोनशे-सव्वादोनशे माणसं असतील. शारजाची, अजमानची, दुबईहून तीन-तीन गाड्या करून आलेली. प्रत्येक घराने आपल्या गेलेल्यांची नावं लिहून पाकिटात घातलेली. मास्तर तपकिरी कोट घालून बाजूला उभे होते. कोट जुना होता, पण इस्त्री कडक. कॉयर उभा राहिला, वाद्याशिवाय, आणि त्यांनी हात वर केला.

गाणं चांगलं चाललं. अ‍ॅलिसचा सूर वर तरंगत होता, रॉयस्टन घाबरून का होईना आपल्या जागेवर टिकून होता. पुढच्या बाकांवरच्या बायकांनी डोक्यावरचे पदर सावरले. मग ती शेवटची ओळ आली, मृतांना शांती लाभो अशी. शब्द संपले. मास्तरांचा हात हवेत थांबला. पाच मात्रांची शांतता सुरू झाली.

"आमेन!"

सव्वादोनशे माणसं एका दमात म्हणाली. वेदीवरून फादरसुद्धा म्हणाले.

कुणाचाच दोष नव्हता. ती ओळ कानावर पडली की त्या लोकांच्या तोंडून आमेन येतंच. मास्तरांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांच्याकडे ती प्रार्थना वेगळ्या तऱ्हेने संपते. आणि कॉयरला सांगायचं सुचलं नव्हतं, कारण जे श्वासासारखं होतं ते सांगायचं कुणाला सुचतं? अ‍ॅलिसचा चेहरा पांढरा पडला. रॉयस्टनने मान खाली घातली. सगळं मोडलं, जेरार्डना वाटलं. या माणसाने एकदाच ऐकायचं म्हणून एवढं केलं, आणि आपल्या लोकांनी मधेच झाकण लावून टाकलं. घशात सूर होता की नाही तेही कळेना. ओठ हलवले असते तरी कुणाला समजलं नसतं. लोकांच्या दृष्टीने गाणं संपलेलंच होतं.

पण मास्तरांचा हात खाली आला नव्हता. ते लोकांकडे बघत होते, नवल वाटल्यासारखे. मग त्यांनी मान वळवली आणि डाव्या हाताचं बोट जेरार्डकडे केलं.

जेरार्ड गायले. सूर थोडा उशिरा आला आणि सुरुवातीला थरथरला, हे खरं. पण आला, आणि मग स्थिर झाला. बसायला निघालेली माणसं तशीच अर्धवट वाकून थांबली. त्या एकट्या आवाजावर आधी रॉयस्टन येऊन उभा राहिला, मग बाया, मग सगळ्यांत वर अ‍ॅलिस. तिसऱ्या बाकावर क्रिस्टिना लॉराचा हात घट्ट धरून बसली होती. तिने बापाचा गाता आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. शेवटी मात्र कुणी आमेन म्हटलं नाही. ते वापरून झालं होतं.

मिस्सानंतर बाहेर चहा आणि पॅटिस होतं. लोक जेरार्डची पाठ थोपटत होते, "काय अंकल, इतकी वर्षं कुठे लपवला होतात?" पण मास्तर कुठे दिसेनात. ते कुणाशी न बोलता निघून गेले होते. "रागावले," अ‍ॅलिस म्हणाली. "खलास. आपण वाट लावली त्यांच्या गाण्याची."

ते तीन दिवस जेरार्डना घास गोड लागला नाही. मंगळवारी क्लासला जाताना त्यांनी माफीची दोन वाक्यं इंग्रजीत पाठ केली होती. ती म्हणायची वेळच आली नाही. मास्तर बाकावर आधीच बसलेले होते.

"मला एक सांगा. ते लोक का बोलले?"

जेरार्डना मोठं बोलायची सवय नव्हती. अडखळत त्यांनी सांगितलं, की ती प्रार्थना आमच्यात कुणी एकट्याने म्हणत नाही. घरात कुणी गेलं की आळीतली माणसं रोज संध्याकाळी जमतात. एकाने ती ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. पाळण्यातल्या पोराच्यासुद्धा कानावर ते पडलेलं असतं. उत्तर नाही दिलं तर... त्यांनी लॉराची बाटली या हातातून त्या हातात घेतली. "उत्तर नाही दिलं तर घरच्यांना वाटेल, आपल्याबरोबर कुणी नाही."

आत लॉरा एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती आणि मास्तरांनी तिला टोकलं नाही.

"मी ती शांतता ठेवली होती," ते म्हणाले, "कारण त्या जागी काय असावं ते मला सुचलं नव्हतं. एक वर्ष सुचलं नव्हतं."

त्यांनी कागद मांडीवर घेतले, पाच मात्रांची खूण खोडली आणि तिथे काहीतरी लिहिलं. मग लगेच ते पुन्हा नेहमीचे तुसडे मास्तर झाले. "पण तुमचे लोक घाई करतात. एक मात्रा थांबून म्हणायला हवं. त्यांना तालीम द्यावी लागेल."

"दोनशे लोकांना?"

"का? ऑपेरात तीनशे असतात."

डिसेंबरच्या मिस्साला, मास्तर जायच्या आधी, पुन्हा एकदा गायचं असं ठरलं. लोकांनी कुठे आणि केव्हा आमेन म्हणायचं हे अ‍ॅलिस आधी उभं राहून सांगणार होती. पण ते झालं नाही. बहीण पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मास्तर मिळेल त्या विमानाने निघून गेले. क्लास चालवणाऱ्या बाईंकडे ते कागद ठेवून गेले होते, पाकिटावर अ‍ॅलिसचं नाव. फेब्रुवारीत बहिणीचा निरोप आला की ते झोपेतच गेले. जेरार्डनी अ‍ॅलिसकडून कागदांची एक प्रत मागून घेतली. आता मराठी मिस्साला मृतांसाठी तेच गातात. लोक अजूनही घाई करतात.

जेरार्ड आणि मास्तर शेवटचे भेटले ते विमानाच्या तीन दिवस आधी, सरावानंतर. तेव्हा बहिणीचं काही कळलेलं नव्हतं. क्रिस्टिनाने मास्तरांना त्यांच्या इमारतीपाशी सोडलं. त्यांचा गुडघा वाजला, ते उतरले आणि खिडकीशी वाकले.

"शनिवारी सहाला, पान जेरार्ड."

"सहाला जमणार नाही, मास्तर. त्या वेळी रस्ता गच्च असतो. सव्वासहा होतील."

"मग घरून लवकर निघा."

"बरं," जेरार्ड म्हणाले. "निघतो."